चरका

‘आमची केळी पुन्हा काळी पडली,’ उत्तरा फोनवर म्हणाली, आणि त्यातला पहिला शब्दच तेवढा विनयच्या कानात राहिला. आमची. म्हणजे तिची, ट्रक चालवणाऱ्या यूजीनची, दुकान बघणाऱ्या डोरिसची, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला गोठलेल्या सरोवराकाठी राहणाऱ्या त्या सबंध आदिवासी वस्तीची. त्याला सोडून बाकी सगळ्यांची. मराठीत ही सोय फार नेमकी आहे. ‘आपली’ म्हटलं की ऐकणारा घरात, ‘आमची’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. इंग्रजीत ती ‘अवर’ म्हणाली असती आणि तो पुढचा आठवडा सुखाने झोपला असता. पण उत्तरा नवऱ्याशी मराठीतच बोलायची, आणि मराठीत लपायला जागा नव्हती. ‘ऐकतोयस ना?’ ती म्हणाली. ‘ट्रकमध्ये रजया घालून आणतो, येतात तेव्हा छान असतात रे. घट्ट, हिरवट-पिवळी. दोन दिवसांनी सालीवर राखेसारखा रंग चढतो आणि मग काळीच पडतात. पिकत म्हणून नाहीत. यूजीन म्हणतो, डेपोवाला खराब माल देतो. डोरिस म्हणते, स्टोअरच्या हीटरचा दोष. तुला काय वाटतं?’ मागे कोणीतरी पुरुष हसला. दार उघडल्याचा आवाज, दारावरच्या घंटीचा आवाज, कोणीतरी बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज. विनयला वाटण्याचा प्रश्नच नव्हता, त्याला माहीत होतं. फळं टिकवणाऱ्या वेष्टनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता आणि केळ्याला तेरा अंशांखालची थंडी सोसत नाही, हे तर तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. ‘माहीत नाही,’ तो म्हणाला. मग ती म्हणाली, ‘बरं. बघते मी.’

फोन ठेवल्यावर घरातलं तापमान उतरल्यासारखं त्याला वाटलं, म्हणून तो उगीच थर्मोस्टॅट बघून आला. ते होतं तिथेच होतं. खिडकीबाहेर प्रिन्स्टनजवळच्या वेस्ट विंडसरचा फेब्रुवारी पसरला होता. पार्किंगमधल्या गाड्यांवर मीठ आणि चिखल यांचा पांढुरका थर होता. दूध संपलं होतं, हे एक कारण मिळालं. तो सुपरमार्केटला गेला आणि दुधाकडे न जाता केळ्यांसमोर उभा राहिला. पिवळी, एकसारखी, आखून दिल्यासारखी वाकलेली. जानेवारी असो की जुलै, इथे केळी असायचीच. ती कुठून येतात, वाटेत त्यांना कोण सांभाळतं, असा विचार इथे कोणी करत नव्हतं. उत्तरा जिथे होती तिथे वर्षापूर्वीपर्यंत सर्वांत जवळचं किराण्याचं दुकान चाळीस मैलांवर होतं, आणि ज्याची गाडी हिवाळ्यात चालू होईल त्यालाच ते जवळ होतं. बाकीच्यांना महिन्याला सरकारी मदतीचं खोकं: पांढऱ्या लेबलावर काळ्या अक्षरांत नाव छापलेलं डब्यातलं मांस, दुधाची पावडर, चरबी, मैदा, विटेएवढं चीज. उत्तराच्या प्राध्यापकबाईंचा प्रकल्प त्यावरच होता. वस्तीतल्या लोकांनी स्कूल बसच्या जुन्या गॅरेजमध्ये स्वतःचं दुकान काढलं होतं; ते चालवणारी कमिटी त्यांची, मालकी त्यांची, काय विकायचं ते ठरवणारेही तेच. सरोवरातला रानतांदूळ आणि मासे लोकांकडूनच विकत घ्यायचे आणि ताजी भाजी-फळं शहरातून आणायची. आहारशास्त्राची एक विद्यार्थिनी मदतीला हवी होती. ‘हिवाळ्यापुरतं,’ उत्तरा म्हणाली होती. मग म्हणाली, ‘वसंतापर्यंत.’ गेल्या महिन्यात तिने कुठलाच ऋतू सांगितला नव्हता.

त्याने एक केळं उचललं आणि नाकाशी नेलं. काही वास नव्हता. रावेरला राजाराममामाच्या बागेत असा वास नसलेला कोपराच नव्हता. शाळेत असताना एका हिवाळ्याच्या सुट्टीत तो मामाकडे होता आणि थंडीची लाट आली. संध्याकाळी मामा बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवून धूर करत होता आणि घडांवर गोणपाट बांधत होता. घरातली होती नव्हती ती सगळी गोणपाटं निघाली, मामीच्या दोन जुन्या वाकळा निघाल्या, आणि शेवटी विनयच्या अंथरुणातली गोधडीही निघाली. तो बांधावर कुडकुडत उभा होता आणि एका घडावर आपली गोधडी सुतळीने आवळली जाताना बघत होता. त्याला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. ‘केळ्याला गोधडी, आणि मला?’ मामा हसला. ‘अरे, तू माणूस आहेस. थंडी वाजली तर ओरडशील तरी. ती बिचारी बोलत नाही. आज चरका बसला तर परवा कळणार.’ चरका. भाजल्यावर बसतो तो नव्हे, थंडीचा. त्या बाजूला केळीला थंडी बाधली की चरका बसला म्हणतात. पुढे मुंबईत शिकताना त्याला त्या शब्दामागचं सगळं रसायन कळलं. पेशींच्या पडद्यांचं काय होतं, साल का काळवंडते, गर पिकायचा का थांबतो. एक गोष्ट मात्र मामानेच आधी सांगितली होती. इजा थंडीत होते आणि दिसते ऊब मिळाल्यावर. ट्रकच्या मागच्या भागात, रजयांखाली, केळ्याला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुकानात आणल्यावर ते हसऱ्या चेहऱ्याने दोन दिवस बसतं आणि मग सगळे हीटरला दोष देतात. विनय केळं हातात धरून उभा होता. शेजारच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने ते परत ठेवलं, आणि दूध न घेताच बाहेर आला.

शनिवारी पुरुषोत्तमकाकांकडे जेवण होतं. काका हृदयरोगतज्ज्ञ, साठच्या दशकात आलेले. प्रिन्स्टन जंक्शनच्या आसपास नव्याने आलेला कुठलाही मराठी मुलगा आधी त्यांच्या तळघरातल्या गालिच्यावर झोपलेला असायचा. पद्मजाकाकूंनी विनयच्या ताटात न विचारता तिसरी पुरी टाकली. ‘वाळलास. बायको नाही तर नीट खायचं नाही का रे? कधी येतेय ती?’ ‘बघू, काकू.’ ‘बघू काय? फोन करते ना?’ ‘दर संडेला.’ काका खुर्चीत मागे रेलले. ‘मी परवा क्लिनिकमध्ये सांगितलं, आमच्या ओळखीची एक मुलगी इंडियन्ससाठी दुकान चालवायला गेलीय. तर नर्स म्हणते, डॉक्टर, एडिसनमध्ये तर ढीगभर इंडियन स्टोअर्स आहेत! चुकीच्या इंडियन्सकडे गेली की रे तुझी बायको. कोलंबसाची चूक निस्तरायला!’ स्वतःच्या विनोदावर ते दम लागेपर्यंत हसले. ‘अहो, काहीतरीच काय,’ काकू म्हणाल्या. ‘रेड इंडियन म्हणतात ना रे त्यांना?’ ‘ओजिब्वे म्हणायचं, काकू,’ विनय म्हणाला, आणि तो शब्द आपण उत्तराच्या आवाजात उच्चारला हे त्याच्या ध्यानात आलं. तिच्यासारखाच शेवटी किंचित थांबून. ‘आणि ती दुकान चालवत नाही. चालवतात ते. ती फक्त हेल्प करते.’ ‘फक्त’वर जोर पडला. काकूंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्या हळूच म्हणाल्या, ‘विनय, तिकडे कोण कोण असतं रे तिच्याबरोबर?’ ‘बरेच आहेत. डोरिस म्हणून एक आजी आहे, कमिटीची हेड. आणि एक यूजीन. तो ट्रक चालवतो, माल आणतो.’ ‘तरुण आहे?’ ‘असेल माझ्याएवढा.’ काकूंनी ‘बरं’ म्हटलं आणि वाटी जिथली तिथे ठेवली. त्या ‘बरं’मध्ये काही नव्हतं, किंवा सगळं होतं.

घरी परतताना त्याने यूजीन मनात जुळवायला घेतला. उत्तराच्या बोलण्यातून तुकडे मिळाले होते. यूजीन शिट्टी वाजवतो. यूजीन शिकागोत कारखान्यात होता, मग परत आला. यूजीनला बर्फावरून ट्रक घसरला तरी घाबरायला होत नाही. यूजीन म्हणतो, उत्तरा भाव सांगते तेव्हा कोर्टात साक्ष दिल्यासारखी सांगते. हे सांगताना ती फोनवर खळखळून हसली होती. विनयनेही लग्नानंतर तिला एकदा तेच सांगितलं होतं, की तू साधी गोष्ट पुराव्यानिशी सांगतेस. तेव्हा ती हसली नव्हती, गप्प झाली होती. तेच वाक्य उणे चाळीस अंश तापमानात दुसऱ्याच्या तोंडून येतं आणि विनोद होतं, या प्रयोगात नेमका कुठला घटक बदलला? तो प्रामाणिकपणे शोधत होता. मत्सराला पुरावा लागतो असं नाही, पण विनयच्या मत्सराला लागायचा. आणि पुरावा मिळत नव्हता म्हणून तो अधिकच जळत होता. ती काही लपवत नव्हती. लपवण्यासारखं काही असतं तर तिने यूजीनचं नाव इतक्या सहज घेतलं नसतं, हे त्याला कळत होतं. पण त्याला त्या माणसाच्या हातांचाही हेवा वाटत होता, जे तिच्याबरोबर बटाट्यांची पोती उतरवत होते. दारावरच्या त्या घंटीचाही, जी वाजली की ती बोलता बोलता थांबायची आणि कोण आलं ते बघायची. या अपार्टमेंटच्या दारातून विनय रोज संध्याकाळी यायचा. तेव्हा ती मान वर करायची का? त्याला आठवेना. तो स्वतः करायचा का, तेही आठवेना.

रविवारी फोन वाजला तो त्याने पहिल्याच घंटेला उचलला. ‘हे, विनय!’ पलीकडून पुरुषाचा आवाज आला, उबदार, घाई नसलेला. ‘यूजीन बोलतोय. ती मागे डोरिसशी भांडतेय. थांब हं.’ मग रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज, आणि दूरवर उत्तरा, इंग्रजीत, मध्येच एखादा अनोळखी शब्द, मग बायकांचं हसू. ‘बोल,’ ती धापा टाकत आली. ‘अरे, कमिटीने ठरवलं. या गुरुवारचा लोड पण काळा पडला तर ताजी फळं बंद. बर्फ वितळेपर्यंत नुसते डबे. साखरेच्या पाकातली पीचेस! विनय, इथे प्रत्येक घरात एकाला तरी डायबेटिस आहे. मी डोरिसला म्हटलं, एक महिना द्या. ती म्हणते, लोक एकदा काळं केळं घरी नेतील, दोनदा नेतील, तिसऱ्यांदा दुकानातच येणार नाहीत. तिचंही चूक नाहीये रे.’ तिचा आवाज शेवटी कापला. विनयला तो आवाज माहीत होता. तिच्या आईच्या आजारपणात तो आवाज यायचा. एका डझन केळ्यांसाठी तो कसा येऊ शकतो, असं त्याच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची शिसारी आली. ‘ट्रकमध्ये चरका बसतो,’ तो म्हणाला. ‘काय?’ ‘थंडीचा. मागे ठेवू नका. रजयांनी भागत नाही. पुढे ड्रायव्हरजवळ ठेवायची, हीटर असतो तिथे. तेरा अंशांच्या खाली गेलं की लगेच काही दिसत नाही, दोन दिवसांनी दिसतं.’ पलीकडे घंटी वाजली, पण या वेळी उत्तरा कोण आलं ते बघायला थांबली नाही. ‘तुला हे गेल्याच रविवारी माहीत होतं,’ उत्तरा म्हणाली. ‘मला तेव्हाच शंका आली. लग्न झाल्यापासून “माहीत नाही” हे तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.’ ती रागावली नव्हती, आणि तेच वाईट होतं; तिने फक्त नोंद घेतली होती. ‘मी येतो,’ तो म्हणाला. ‘कशाला? आता कळलं ना.’ ‘मी येतो गुरुवारी.’ आपण केळ्यांसाठी जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘ये,’ ती म्हणाली. ‘दुलूथला उतर. यूजीन तिथेच येतो माल भरायला. तुला घेईल.’

तर असा तो गुरुवारी दुलूथच्या घाऊक डेपोच्या फाटकाशी उभा होता, श्वास मिशांवर गोठत होता, आणि समोर यूजीन होता: मध्यम उंचीचा, गोल चेहऱ्याचा, केस मागे बांधलेले, डोळ्यांच्या कडांना हसऱ्या रेषा. देखणा होता. विनयने मनातल्या मनात तो घटक नोंदवला. ‘तो तूच,’ यूजीन म्हणाला, ‘केळ्यांचा डॉक्टर.’ त्यांनी बटाटे, कोबी, गाजरं मागे भरली, रजया टाकल्या, आणि केळ्यांची दोन खोकी पुढे आणली. पुढे सलग एकच सीट. एक खोकं दोघांच्या मध्ये बसलं. दुसऱ्याला जागा उरली नाही. ‘हे मागे टाकू?’ यूजीनने विचारलं. ‘नको,’ विनय म्हणाला, आणि ते मांडीवर घेऊन बसला. चाळीस पौंडांचं खोकं. मैल गेले तसे पाय आधी दुखले, मग जड झाले, मग त्याचे राहिलेच नाहीत. बाहेर पांढरं आणि काळं एवढेच रंग होते, बर्फ आणि झाडं. हीटरची ऊब खोक्याला लागत होती. त्याची बोटं खोक्याच्या भोकांत होती आणि आतल्या साली हाताला गार, गुळगुळीत लागत होत्या. तो दर थोड्या वेळाने बोटं आत घालून बघत होता. ‘तुम्ही दोघं सेम,’ यूजीन म्हणाला. ‘तीही असंच करते. सारखं हात लावून बघते.’

मग बराच वेळ शिट्टी. मग यूजीन आपण होऊनच सांगू लागला. उत्तरा आली त्या आठवड्यात एक सरकारी माणूस मीटिंगला आला होता. तो उभा राहून म्हणाला, आपण आपल्या मुलांना नीट खाऊ घातलं पाहिजे. डोरिसने शांतपणे विचारलं, ‘आपण म्हणजे नक्की कोण?’ सगळे हसले, तो माणूस सोडून. ‘कारण आमच्या भाषेत दोन “वी” आहेत,’ यूजीन म्हणाला. ‘एकात समोरचा असतो, एकात नसतो. डोरिस म्हणते, इंग्रजीत माणसाला बोलावलंय की नाही तेच कळत नाही. तर त्या दिवशी बाहेरून आलेल्यांपैकी एकटी तुझी बायको हसली. जोरात. डोरिसने विचारलं, तुला काय कळलं? तर म्हणाली, माझ्याही भाषेत दोन आहेत. तेव्हापासून डोरिस तिला सोडत नाही.’ त्याने रस्त्यावरची नजर न काढता जिभेवर घोळवल्यासारखं म्हटलं, ‘आमी. आपन.’ विनयला चरका बसला. हा तो दुसरा, भाजल्याचा. ती सर्वनामंसुद्धा तिने वाटून टाकली होती. घरात एवढी एकच वस्तू होती जी या देशात फक्त त्या दोघांची होती, आणि ती या ट्रकमध्ये शिट्टी वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडात होती, णच्या जागी न घेऊन. ‘आपण,’ विनय म्हणाला. ‘ण.’ ‘आपन,’ यूजीन म्हणाला आणि हसला. ‘नाही जमत. तीही वैतागते.’ नंतर काही मैलांनी, वेगळ्याच आवाजात, तो म्हणाला, ‘ती म्हणते, तू फार कमी बोलतोस. सगळं माहीत असतं, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीस.’ विनयने खोक्याच्या भोकांतून बोटं बाहेर काढली. त्या पहिल्या रविवारी तर विचारूनही सांगितलं नव्हतं, हे तिने यूजीनला सांगितलेलं दिसत नव्हतं. एवढं एक तिने दोघांच्यात ठेवलं होतं. त्याला वाटलं त्याहून जास्त बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

ते पोचले तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. गॅरेजच्या मोठ्या दारात एक छोटं दार कापून काढलेलं होतं, आणि घंटी म्हणजे मासा लागला की वाजावं म्हणून गळाला बांधतात ते पितळी घुंगरू होतं. एवढ्याशा गोष्टीचा त्याने इतके दिवस द्वेष केला होता. आत बायका, मुलं, तराजू, कोबीचा वास, आणि काउंटरपाशी वेणी घातलेली, उंच, थकलेली डोरिस. ‘ट्रक आला,’ असं कोणीतरी म्हणालं आणि उत्तरा आतून धावत आली, कोट न घालता, बाह्या वर केलेल्या. ती अशी धावत कोणाकडे जाते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती उंबऱ्यात थांबली आणि मोठ्याने म्हणाली, ‘आली का आपली केळी?’

आपली. विनयने तो शब्द हातात पकडल्यासारखा पकडला. ती मराठीत बोलली होती, आणि इथे मराठी येणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणजे आत कोण, हे उघड होतं. तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मागून बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेतलेला यूजीन ओरडला, ‘आली, आली!’ आणि आतली दोन मुलंही ओरडली, ‘आली, आली!’ सगळं दुकान हसलं. नेहमीचाच खेळ होता तो, दर गुरुवारचा.

विनय तसाच खोकं हातांत धरून ट्रकच्या उघड्या दारापाशी उभा होता. पायांत जीव परतत होता आणि त्याबरोबर हजार सुया. उत्तरा त्याच्याजवळ आली. तिने आधी खोक्याकडे पाहिलं. पालथा हात कपाळावर ठेवतात तसा तिने पुठ्ठ्यावर ठेवला, मग भोकांतून बोटं आत घातली. ‘कोमट आहे,’ ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. ‘ठीक असतील ना?’

‘आत्ता नाही सांगता येणार. परवा कळेल.’

‘तुझं उद्याचं रिटर्न आहे.’

‘आहे.’

डोरिस दारात येऊन दोघांकडे बघत होती. यूजीन दुसरं खोकं आत घेऊन गेला. उत्तराने विनयच्या हातातलं खोकं घेतलं, छातीशी धरलं, कोटाआड धरावं तसं, पण कोट तर तिने घातलाच नव्हता. ती वळली आणि दाराकडे निघाली. आणि त्याला खरोखर त्या खोक्याचा हेवा वाटला, बांधावर उभं राहून त्या गोधडीतल्या घडाचा वाटला होता तसाच, तितकाच, एक कणही कमी नाही.

‘उत्तरा,’ तो म्हणाला. घुंगरू वाजलं, ती अर्धी आत गेली होती. त्याने श्वास घेतला, थंडी दातांना लागली, आणि तो सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, ‘उत्तरा, मला थंडी वाजतेय!’

घुंगरू हलत होतं. ती थांबली आणि खोकं न ठेवता मागे वळली.